क्लब उचलून नेता येतो का?

मिल्टन कीन्सला भाचीच्या घरी खुर्चीच्या पाठीवर एक पांढरी जर्सी वाळत घातली होती. आठ वर्षांच्या पोराची. कोपराजवळचा गवताचा हिरवा डाग दोन धुण्यांतही निघालेला नव्हता. छातीवरचा शिक्का मी वाचला आणि हातातला चहाचा कप तसाच खाली ठेवला. एम. के. डॉन्स.

हे नाव मला वीस वर्षं सलत आलंय. मी कोल्हापूरचा, मंगळवार पेठेतला. तरुणपणी पेठेच्या संघातून लेफ्ट बॅक खेळलो, पुढं शाळामास्तर झालो. १९८८ च्या मे महिन्यात लंडनच्या विम्बल्डन नावाच्या लहानशा क्लबानं लिव्हरपूलला हरवल्याची बातमी पेपरात आली होती. तिचं कात्रण आजही माझ्या पेटीत आहे. भाचीकडं आल्यावर पहिली गोष्ट केली ती ही, की एकटा दक्षिण लंडनला जाऊन ते मैदान बघून आलो. जर्सी दिसली ती दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. भाची हिशेबनीस आहे, तोट्यातल्या कंपन्यांची वह्या-पुस्तकं तपासणं हे तिचं रोजचं काम. रात्री पोरगा झोपल्यावर आमचं बोलणं झालं, ते जसं आठवतं तसं लिहितो.

“ही जर्सी त्याला कुणी घेतली?”

“मीच. शाळेतली सगळी पोरं मॅच बघायला गेली होती, तेव्हापासनं त्याला दुसरं काही सुचत नाही. का हो मामा?”

“हा क्लब चोरीचा आहे.”

“चोरीचा?” ती समोर येऊन बसली. “चोरी म्हणजे दुसऱ्याची वस्तू त्याला न विचारता नेणं. इथं वस्तू मालकाची होती आणि मालकानंच ती हलवली. विम्बल्डनचा क्लब तोट्यात होता, त्याला स्वतःचं मैदान नव्हतं. या गावाला क्लब हवा होता आणि इथं स्टेडियम बांधायला माणूस तयार होता. यात चोरी कुठं आली?”

“मालक म्हणालीस ना, तिथंच आपलं बिनसलं. आधी तो क्लब कुठनं आला ते ऐक.”

मी सांगायला लागलो. १८८९ साली विम्बल्डनच्या ओल्ड सेंट्रल शाळेतल्या माजी विद्यार्थ्यांनी संघ काढला. खेळायचे विम्बल्डन कॉमनवर, म्हणजे गावच्या मोकळ्या माळावर. कपडे बदलायला जवळचा ‘फॉक्स अँड ग्रेप्स’ नावाचा पब. १९१२ साली प्लाउ लेनवर स्वतःचं मैदान मिळालं. खेळाडू नोकरीधंदा सांभाळून खेळणारे. १९६३ साली वेम्बलीवर हौशी संघांच्या चषकाची फायनल होती, समोर सटन युनायटेड. विम्बल्डन ४-२ नं जिंकलं आणि चारही गोल एडी रेनल्ड्सचे, चारही हेडर.

“चारही?” भाचीनं विचारलं.

“चारही. आता १९७५ चं ऐक. विम्बल्डन तेव्हा सदर्न लीगमध्ये होतं, म्हणजे मुख्य लीगच्या चार विभागांच्याही खाली. एफ. ए. कपात बर्नलीच्या मैदानावर जाऊन त्यांनी बर्नलीला हरवलं. बर्नली पहिल्या विभागात होती. पुढची गाठ लीड्सशी, आणि लीड्स इंग्लंडचा चालू विजेता! लीड्सच्याच मैदानावर गोलशून्य चाललंय, वेळ संपत आलीय, आणि लीड्सला पेनल्टी मिळाली. मारायला आला पीटर लॉरिमर. त्याची किक सगळ्या इंग्लंडात दणकट म्हणून नावाजलेली. गोलात डिकी गाय. त्यानं उजवीकडं बघितलं की डावीकडं, ते मला माहीत नाही. पण पेनल्टी अडवली. परतीचा सामना बघायला पंचेचाळीस हजार माणूस लोटलं. तो विम्बल्डन १-० नं हरलं, तेही स्वतःच्याच खेळाडूला लागून वळलेल्या चेंडूवर. त्या खेळाडूचं नाव डेव्ह बॅसेट. लक्षात ठेव.”

ठेवायला सांगितलं, कारण याच बॅसेटनं पुढं मॅनेजर म्हणून क्लब वर नेला. १९७७ साली विम्बल्डनला लीगमध्ये घेतलं, सगळ्यात खालच्या, चौथ्या विभागात. १९८६ साली ते पहिल्या विभागात होते. नऊ वर्षं लागली. गोलकीपर डेव्ह बेझंट एजवेअर नावाच्या लहान क्लबाकडून हजार पाउंडांना आणलेला. व्हिनी जोन्स क्लबात येईपर्यंत बांधकामावर विटा वाहायचा. खेळ दांडगाईचा, चेंडू उंच मारून पुढं पळायचं. मोठ्या क्लबांना तो आवडायचा नाही. खरं सांगायचं तर मलाही तो खेळ सुंदर वाटत नाही. पण आपल्याकडं काय आहे आणि काय नाही हे ओळखून ते खेळायचे.

१४ मे १९८८. वेम्बलीवर ९८,२०३ प्रेक्षक. डेनिस वाइझची फ्रीकिक, लॉरी सांचेझचं डोकं, गोल. नंतर लिव्हरपूलला पेनल्टी मिळाली आणि जॉन ऑल्ड्रिजची ती किक बेझंटनं डावीकडं झेपावून बाहेर काढली. वेम्बलीवरच्या एफ. ए. कप फायनलमध्ये पेनल्टी अडवणारा तो पहिला गोलकीपर. कप्तानही तोच होता, कप त्यानंच उचलला.

“मामा, मला गोष्ट आवडली,” भाची म्हणाली. “पण पुढचे आकडे तुम्ही सांगत नाही, ते मी सांगते. १९९१ साली विम्बल्डन प्लाउ लेन सोडून सेलहर्स्ट पार्कला क्रिस्टल पॅलेसचं भाडेकरू झालं. हिल्सबरो मैदानावरच्या चेंगराचेंगरीनंतर वरच्या क्लबांना सगळ्या प्रेक्षकांसाठी खुर्च्या असलेली स्टेडियमं सक्तीची झाली, आणि प्लाउ लेन तसं करणं जमणार नाही असं मालकांचं म्हणणं पडलं. १९९३ च्या जानेवारीत एव्हर्टनविरुद्ध किती माणसं आली माहीत आहे? ३,०३९. प्रीमियर लीगमधला तो नीचांक आहे. इतक्या तिकिटांवर वरच्या दर्जाचा क्लब चालतो का?”

“ती परक्या मैदानावरची माणसं आहेत. घरातून बाहेर काढायचं आणि मग म्हणायचं, घरी कुणी येत नाही! प्लाउ लेनची जागा पुढं सुपरमार्केटला विकली. सुपरमार्केटही झालं नाही, आता तिथं फ्लॅट आहेत. काल मी त्या फाटकासमोर उभा होतो. फाटकावर नाव काय, रेनल्ड्स गेट. चार हेडर मारणाऱ्या माणसाचं नाव पार्किंगच्या तोंडाशी. एक बाई दळणाच्या पिशवीएवढी खरेदी घेऊन आत गेल्या. मी तिथं कशासाठी उभा आहे हे त्यांना कळायचं काहीच कारण नव्हतं. इथं कुठंतरी गोल होता, इथं कुठंतरी कॉर्नरचा झेंडा होता, असं मी मनात मापं टाकत बसलो.”

ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, “मामा, क्लब जागा बदलतात. आर्सेनल कुठला? वुलिचच्या तोफखान्यातल्या कामगारांचा, थेम्सच्या दक्षिणेचा. १९१३ साली मालकानं उचलला आणि नदीपार उत्तरेला हायबरीला नेला. आज आर्सेनलला कुणी चोर म्हणतं का? आणि तुमच्या कोल्हापूरचंच बघा. पाटाकडील तालीम, खंडोबा, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ, सगळे शाहू स्टेडियमवर खेळतात. कुणाच्या पेठेत कुणाचं स्टेडियम आहे? मैदान म्हणजे क्लब असेल, तर कोल्हापुरात क्लबच नाहीत.”

हे तिचं बोलणं मला लागलं, कारण ते खरं होतं. मैदान मैदान म्हणून मी जे धरून बसलो होतो, ते माझ्या स्वतःच्या आयुष्याला धरून नव्हतं. आम्ही खेळायचो शाहू स्टेडियमवर, पण मॅच जिंकली की गुलाल पेठेत उधळायचा आणि हरली की पेठेत तोंड लपवायचं. वर्गणी पेठेतनं यायची. बूट कुणी दिले, जर्सी कुणी शिवल्या, गुडघा सुजला तेव्हा हळद कुणी लावली, ही सगळी माणसं पेठेतली. मी तिला तेच सांगितलं.

“म्हणून मैदान बदललं याचं दुःख एक, आणि माणसं बदलली याचं दुःख दुसरं. विम्बल्डनची माणसं सेलहर्स्ट पार्कला दहा-बारा वर्षं गेलीच की. कुरकुरत गेली, पण गेली. आर्सेनल गेला तेव्हा वुलिचचे लोकही चिडले होते, पण तो लंडनातच राहिला. विम्बल्डनहून मिल्टन कीन्स नव्वद किलोमीटर. आमची पाटाकडील तालीम उचलून कुणी कराडच्याही पुढं नेली, नाव तेच ठेवलं, आणि पेठेतल्या पोरांना सांगितलं की रविवारी एस.टी. पकडून या, तर?”

“तर पेठेत दंगल होईल,” ती म्हणाली.

“इंग्लंडात दंगल झाली नाही. त्यांनी जे केलं ते मला जास्त मोलाचं वाटतं.”

२००१ च्या ऑगस्टमध्ये नव्या मालकांचे अध्यक्ष चार्ल्स कॉपल यांनी मिल्टन कीन्सला जाण्याचा बेत जाहीर केला. फुटबॉल लीगनं आधी नकार दिला. प्रकरण लवादाकडं आणि मग तिघांच्या आयोगाकडं गेलं. २८ मे २००२ ला आयोगानं दोन विरुद्ध एक मतानं परवानगी दिली. चाहत्यांनी विम्बल्डनात नवा क्लब काढणं फुटबॉलच्या व्यापक हिताचं होणार नाही, असंही त्या अहवालात लिहिलं. चाहत्यांनी महिन्याभरात नेमकं तेच केलं. २९ जूनला विम्बल्डन कॉमनवर, म्हणजे १८८९ च्याच माळावर, निवड चाचणी ठेवली. कुणीही यावं, खेळून दाखवावं. दोनशे तीस खेळाडू आले. क्लबाचं नाव ए.एफ.सी. विम्बल्डन, जागा मिळाली ती इंग्लंडच्या नवव्या पायरीवरच्या लीगमध्ये. पहिला मित्रत्वाचा सामना १० जुलैला, समोर तेच सटन युनायटेड. ४-० हरले. बघायला ४,६५७ माणसं. अध्यक्षपदाचा मान कुणाला, तर डिकी गायला.

“हरलेल्या सामन्याला साडेचार हजार,” भाची स्वतःशीच म्हणाली.

“आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात, वरच्या दर्जाच्या जुन्या क्लबाच्या रॉदरहॅमविरुद्धच्या सामन्याला किती? ८४९. मालकाकडं लीगची जागा होती, खेळाडू होते, करारपत्रं होती. हा हिशेब तूच मांड.”

तिनं खरोखरच मांडला. म्हणाली, “एखादा धंदा विकत घेताना मालमत्तेच्या किमतीहून जास्त पैसे मोजले, तर तो जास्तीचा आकडा आम्ही ताळेबंदात गुडविल म्हणून दाखवतो. यंत्रं, जागा, माल वेगळे, आणि गिऱ्हाइकाचा जीव वेगळा. तुम्ही म्हणताय ते एवढंच, की गुडविल त्या २९ जूनला कॉमनवर निघून गेलं आणि मालकाच्या हातात बाकीचं राहिलं.”

“एवढंच.”

“मग क्लब जून २००३ मध्ये दिवाळखोरीच्या कारभाऱ्यांच्या हाती का गेला ते वेगळं सांगायला नको.” तिनं पाणी घेतलं. “पण मामा, माझा मुद्दा तिथं संपत नाही. इथं स्टेडियम बांधायला तयार असलेल्या पीट विंकलमननं त्यातनं क्लब सोडवला, २००४ मध्ये नाव बदललं, २००७ मध्ये स्टेडियम उघडलं. हे गाव १९६७ साली कागदावर आखलं गेलं. लंडनात घर न मिळालेली माणसं इथं आली, मग आमच्यासारखी आली. आमच्याकडं शंभर वर्षांचा इतिहास नाही, ही काय आमची चूक? डेली ॲली इथला पोर. अकराव्या वर्षी या क्लबात आला, सोळाव्या वर्षी पहिल्या संघात खेळला. २०१४ मध्ये मँचेस्टर युनायटेडला यांनी ४-० हरवलं तेव्हा तो संघात होता, पुढं इंग्लंडकडून खेळला. क्लब नसता तर त्यानं जायचं कुठं?”

“विम्बल्डनसारखं खालनं चढायचं. इंग्लंडातला नियमच तो आहे. माळावर सुरू करा, जिंका, वर या. ए.एफ.सी. विम्बल्डननं करून दाखवलं. लीगचे सलग ७८ सामने हरले नाहीत, इंग्लंडातला तो विक्रम आहे. २०११ च्या मेमध्ये मँचेस्टरला ल्यूटनविरुद्धची प्लेऑफ फायनल गोलशून्य राहिली. गोलकीपर सेब ब्राउननं दोन पेनल्ट्या अडवल्या, डॅनी केडवेलनं शेवटची मारली, आणि नऊ वर्षांत ते पुन्हा लीगमध्ये. पहिल्यांदा चौथ्यापासून पहिल्या विभागात जायला नऊ, आणि माळावरनं लीगमध्ये यायलाही नऊ. मिल्टन कीन्सनं ती नऊ वर्षं द्यायला हवी होती. तुमचा इतिहास नव्हता तर तुम्ही तो घडवायचा होता, दुसऱ्याचा उचलायचा नव्हता.”

“आणि किंग्स्टोनियन?” ती म्हणाली.

मी काही बोललो नाही.

“तुम्हाला माहीत आहे ते, मामा. तुमचे ए.एफ.सी. विम्बल्डन सुरुवातीला खेळले कुठं? किंग्समेडोला. ते मैदान किंग्स्टोनियन क्लबाचं. तो क्लब विम्बल्डनहूनही जुना, १८८५ चा. त्यांचे पैसे संपले, मैदान त्यांच्या हातचं गेलं, आणि ते तुमच्या विम्बल्डनकडं आलं. किंग्स्टोनियन आपल्याच मैदानात भाडेकरू. पुढं विम्बल्डनला घरी परतायला पैसे हवे होते, म्हणून ते मैदान चेल्सीला विकलं. २०१७ पासनं किंग्स्टोनियन दुसऱ्यांच्या दारी फिरतंय. त्यांच्या पेठेचं काय?”

हे मला ठाऊक होतं आणि मी ते सांगितलं नव्हतं. विम्बल्डननं ते मैदान कपटानं घेतलं असं मी म्हणणार नाही. किंग्स्टोनियन आधीच अडचणीत होतं, आणि विम्बल्डननं त्यांना चौदा वर्षं तिथं खेळू दिलं. पण बेघर झालेल्यांच्या परतीच्या वाटेत दुसरं एक लहान घर गेलं, हे खरं आहे. विम्बल्डनवर जीव असलेल्या माणसानं ते आधी सांगावं, कुणी विचारायची वाट बघू नये. मी भाचीपुढं हे कबूल केलं.

त्यानंतर आमच्या बोलण्यातली चढाओढ गेली. मी तिला काल बघितलेलं नवं मैदान सांगितलं. जुन्यापासून अडीचशे यार्डांवर, जिथं पूर्वी ग्रेहाउंड कुत्र्यांच्या शर्यती व्हायच्या तिथं. जवळनं वाँडल नदी वाहते, ओढ्याएवढीच. पैसे कमी पडले तेव्हा चाहत्यांना रोखे विकले आणि पन्नास लाख पाउंडांहून जास्त रक्कम उभी राहिली. आपल्याकडं तालमीची इमारत बांधताना घरोघर पावतीपुस्तक फिरतं, त्याच जातीचं काम, फक्त आकडा मोठा. चाहत्यांच्या ट्रस्टमध्ये एका सभासदाला एक मत, मग त्यानं कितीही दिलेले असोत. ३ नोव्हेंबर २०२० ला डॉन्कास्टरविरुद्ध पहिला सामना झाला, २-२. एकोणतीस वर्षांनी क्लब प्लाउ लेनला परतला आणि करोनामुळं एकाही चाहत्याला आत जाता आलं नाही. ज्यांनी वर्गणी काढून घर बांधलं, ते वास्तुशांतीला बाहेर. हे सांगताना माझा आवाज बसला.

“बघा, तुम्ही घराबद्दल बोलताय,” भाची म्हणाली, “आणि माझा पोरगाही घराबद्दलच बोलतो. त्याला १९८८ माहीत नाही. त्याला एवढंच माहीत आहे, की शनिवारी आई स्टेडियमला नेते आणि शेजारच्या खुर्चीवरचे आजोबा त्याला बिस्किट देतात. त्याला मी चोराचा क्लब म्हणून सांगू?”

“नको,” मी म्हणालो. “त्याला २००७ सांग.”

२००६ साली मिल्टन कीन्सच्या क्लबानं चाहत्यांच्या राष्ट्रीय संघटनेशी करार केला आणि २००७ च्या ऑगस्टमध्ये विम्बल्डनच्या चषकांच्या प्रतिकृती आणि जुन्या वस्तू मर्टन या लंडनच्या विभागाकडं, म्हणजे विम्बल्डन ज्या भागात येतं तिथं, सुपूर्द केल्या. आपला इतिहास २००४ पासूनच, असं तेव्हापासून ते मानतात. नावातलं ‘डॉन्स’ हे विम्बल्डनचं टोपणनाव मात्र त्यांनी अजून सोडलेलं नाही, आणि ते सोडावं असं माझं स्पष्ट मत आहे. त्या पोराच्या क्लबाला दुसऱ्याच्या नावाची आता गरज नाही. वीस वर्षं म्हणजे थोडीथोडकी नाहीत. डेली ॲली त्यांचा आहे, मँचेस्टरविरुद्धचे चार गोल त्यांचे आहेत.

भाची म्हणाली, “नावाचं मला पटतं. पण चोरीचा म्हणू नका, निदान त्याच्यासमोर.”

मी तिला शब्द दिला. लेखातही मी तो शब्द माझ्या तोंडी एकदाच ठेवला आहे, कारण तो मी बोललो होतो.

जुलै २०२५ मध्ये ब्रिटनच्या संसदेनं फुटबॉल क्लबांसाठी स्वतंत्र नियामक नेमण्याचा कायदा केला. आता नियामकाच्या संमतीशिवाय वरच्या पाच विभागांतल्या क्लबाला मैदान विकता येणार नाही, की गाव सोडता येणार नाही. हा कायदा आला त्याला विम्बल्डनच्या चाहत्यांचं २००२ हे एक कारण आहे, असं मी मानतो. त्याच वर्षी मे महिन्यात वेम्बलीवर वॉल्सॉलला १-० हरवून ए.एफ.सी. विम्बल्डन तिसऱ्या विभागात गेलं.

येत्या शनिवारी मी पोराचा हात धरून त्याच्या मैदानावर जाणार आहे. कोपरावरचा डाग भाचीनं पुन्हा घासला, निघाला नाही. तो तसाच घालून येईल. त्याच्या संघानं गोल केला तर मी टाळी वाजवीन. १९८८ चा चषक मात्र विम्बल्डनचा आहे. तो मर्टनला गेला, हे योग्य झालं.